हिरव्या पाण्याचं गणित

ऑगस्ट २०१६. रिओ दि जानेरोचं ऑलिंपिक. मारिया लेंक जलतरण केंद्रातला डायव्हिंगचा तलाव ९ ऑगस्टला साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला. शेजारचा तलाव निळाशार आणि हा मात्र पालकाच्या भाजीसारखा! टीव्हीसमोर बसलेल्यांनी भरपूर विनोद केले. चार दिवसांनी आयोजकांनी कारण सांगितलं. ५ ऑगस्टला एका कंत्राटदाराने पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड हे सुद्धा जंतुनाशकच. पण क्लोरीन आणि ते एकत्र आले की दोघे एकमेकांनाच संपवतात. क्लोरीन निकामी झाला आणि शेवाळाला रान मोकळं मिळालं. शेवटी समक्रमित जलतरणाच्या स्पर्धेसाठी मोठ्या तलावातलं सुमारे ३७ लाख लिटर पाणी रातोरात काढून शेजारच्या सरावाच्या तलावातलं स्वच्छ पाणी त्यात भरावं लागलं.

मित्रहो, तिथे पैसा कमी नव्हता, माणसं कमी नव्हती, यंत्रं तर नव्हतीच नव्हती. कमी पडलं ते फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलं एक साधं वाक्य: पाण्यात किती क्लोरीन टाकला याला फारसा अर्थ नाही, किती उरला आणि त्यातला कामाचा किती, यालाच अर्थ आहे. हा लेख म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे. उदाहरण मात्र ऑलिंपिकचं नाही, घरच्या पुलाचं घेऊ. लोणावळा, कर्जत, अलिबाग भागात आता गल्लोगल्ली फार्महाऊस झाली आहेत आणि प्रत्येकाला एक पूल हवाच असतो. कर्जतजवळच्या माझ्या मामाकडेही असा एक पूल आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तो हिरवा झाला होता आणि तो निळा करायचं काम माझ्याकडे आलं. त्या सात दिवसांत जे मोजलं आणि शिकलो ते क्रमाने मांडतो.

शेवाळ येतं कुठून?

शेवाळाचे बीजाणू वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पानांबरोबर, आपल्या पायांबरोबर रोजच पाण्यात येत असतात. त्यांना अडवता येत नाही. त्यांना लागतं काय? ऊन, कोमट पाणी आणि थोडं नायट्रेट-फॉस्फेट. लॉनला घातलेलं खत, माती, कुजलेली पानं यांतून ते आयतं मिळतं. म्हणजे मे महिन्यातला पूल हा शेवाळासाठी मेससकट हॉस्टेलच समजा.

अनुकूल परिस्थितीत हिरवं शेवाळ दिवसभरात दुप्पट होऊ शकतं. दुपटीचं गणित फसवं असतं. परवा पाणी छान होतं, काल जरासं धूसर वाटलं आणि आज तळ दिसत नाही, असं लोक सांगतात ते खोटं नसतं. वाढ आधीपासूनच चालू असते, डोळ्यांना शेवटच्या दोन दुपटीच दिसतात.

पुलात साधारण तीन प्रकार भेटतात. पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ सगळ्यांत सोपं. सावलीतल्या भिंतीवर पिवळसर भुकटीसारखं बसणारं जरा चिवट. आणि काळे ठिपके म्हणजे खरं तर शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. ते प्लास्टरच्या बारीक छिद्रांत रुततात आणि वर बुळबुळीत थर धरतात. त्या थराखाली क्लोरीन पोचत नाही. म्हणून पहिला नियम: रसायनाच्या आधी ब्रश. घासल्याशिवाय टाकलेली पावडर म्हणजे पुस्तक न उघडता दिलेला पेपर.

क्लोरीन पाण्यात गेल्यावर काय होतं?

आपण ब्लीचिंग पावडर टाका, हायपो टाका किंवा गोळ्या टाका, पाण्यात शेवटी तयार होतं हायपोक्लोरस आम्ल. मारेकरी हाच. त्याच्या रेणूवर विद्युत प्रभार नसतो, त्यामुळे तो पेशीच्या भिंतीतून सहज आत शिरतो. या आम्लाचा हायड्रोजन सुटला की उरतो हायपोक्लोराइट आयन. त्याच्यावर ऋण प्रभार. तो पेशीच्या दारातच अडकतो, त्यामुळे जंतू मारण्यात फारच मंद.

दोघांचं प्रमाण पीएच ठरवतो. पीएच साडेसातच्या आसपास असेल तर निम्मे-निम्मे. ७.२ ला आणलात तर जवळजवळ दोन तृतीयांश हायपोक्लोरस आम्ल. ८ ला गेलात तर जेमतेम पाव. म्हणजे तेवढाच क्लोरीन, तेवढाच खर्च, पण काम करणारे हात निम्म्याहून कमी. (पाण्यात पुढे सांगितलेला स्टॅबिलायझर असेल तर हा फरक बराच सौम्य होतो, तरीही पीएच आधी खाली आणलेला बरा.)

आता दुसरी गोष्ट. क्लोरीन पाण्यात पडल्या पडल्या समोर येईल त्याच्याशी भिडतो. शेवाळ, घाम, पानांचा रस, माती, सगळ्यांशी. या सगळ्यांची मिळून जी भूक असते तिला क्लोरीनची मागणी म्हणतात. ती भागल्यावर जो मोकळा राहतो तो शिल्लक क्लोरीन. पाण्याचं रक्षण करतो तो फक्त शिल्लकवाला. पगार आला, मेसचं बिल गेलं, झेरॉक्सवाल्याची उधारी गेली, मग खिशात उरतं ते आपलं. तसंच.

घाम आणि लघवीतल्या अमोनियासारख्या नायट्रोजनी पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. "क्लोरीनचा केवढा वास येतोय, म्हणजे पाणी शुद्ध आहे" असं आपण म्हणतो ना, तो डोळे चुरचुरवणारा वास बहुतेक वेळा या क्लोरामाइनचा असतो. म्हणजे उग्र वास येत असेल तर तिथे क्लोरीन जास्त झालेला नसून बहुधा कमी पडलेला असतो!

गोळीची मेख

बाजारात जी पांढरी गोळी किंवा दाणेदार पावडर 'टीसीसीए ९०' म्हणून मिळते तिच्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड येतं. यालाच पुलाच्या धंद्यात स्टॅबिलायझर म्हणतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी मोकळा क्लोरीन भराभर तुटतो. कडक उन्हात उघड्या पुलातला बहुतेक क्लोरीन काही तासांत संपतो. सायन्युरिक ॲसिड त्याला धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. उपकारच आहे.

पण धरून ठेवलेला क्लोरीन लढायलाही मोकळा नसतो. शिवाय क्लोरीन खर्च होतो, सायन्युरिक ॲसिड मात्र तसंच राहतं. हिशोब असा: टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिला की त्याबरोबर सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड वाढतं. रोज २ पीपीएम लागत असेल तर दोन महिन्यांत ७० च्या पुढे. पाणी बदललं नाही तर हा आकडा चढतच जातो. एक दिवस असा येतो की गोळ्या नेहमीच्याच पडताहेत, टेस्टमध्ये क्लोरीनही दिसतोय आणि पाणी मात्र हिरवं व्हायला लागलंय. रिओत क्लोरीन संपवला होता, इथे बांधून ठेवलेला असतो. परिणाम एकच.

शेवाळ मारण्यासाठी मोकळा क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या सुमारे ४० टक्के पातळीवर नेऊन तिथेच धरून ठेवावा लागतो, असा पूलवाल्यांचा ठोकताळा आहे. सायन्युरिक ३० असेल तर १२ पीपीएम, ५० असेल तर २०. आणि ९० असेल तर? ३६! हा आकडा लक्षात ठेवा.

मामाच्या पुलाचा हिशोब

लांबी १० मीटर, रुंदी ४ मीटर. उथळ टोकाला खोली ०.९ मीटर, खोल टोकाला १.६, म्हणून सरासरी १.२५ मीटर. गुणाकार केला की ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर. १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. तेव्हा या पुलात १ पीपीएम वाढवायला ५० ग्रॅम क्लोरीन लागतो. एवढं एक समीकरण पाठ झालं की बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

हे ५० ग्रॅम कशातून द्यायचे? १० टक्क्यांचं ताजं सोडियम हायपोक्लोराइट, ज्याला सगळे हायपो म्हणतात, त्याच्या लिटरमध्ये साधारण १०० ग्रॅम. म्हणजे अर्धा लिटर. ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणून ओळखली जाणारी ब्लीचिंग पावडर चांगली असेल तर ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे सुमारे १६५ ग्रॅम. पण 'ताजं' आणि 'चांगली' हे शब्द महत्त्वाचे. हायपो उन्हात आणि उकाड्यात भराभर मरतं. ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं राहिलं की दमट हवेत तिचा जोर जातो आणि उरतो नुसता चुना. वर्षभर कोपऱ्यात पडलेलं पोतं ओतून "क्लोरीनने काही होत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

तर मी गेलो तेव्हा पुलाची अवस्था अशी: मोकळा क्लोरीन शून्य, पीएच ७.९, सायन्युरिक ॲसिड ९० च्या आसपास. वर्षभर गोळ्याच वापरल्या होत्या. पहिल्या पायरीच्या खालचं काही दिसत नव्हतं.

मामाचा निर्णय झालेला होता. "अरे, सरळ रिकामा करू, घासू आणि पाच टँकर मागवू. विषय संपला."

विषय एवढ्यात संपत नव्हता. दहा हजार लिटरचा एक धरला तर पाच टँकर. मे महिना. खालच्या वाडीत हंडे रांगेत लागलेले आणि आपण पोहण्यासाठी पन्नास हजार लिटर मागवायचे. मामालाही ते खुपत होतंच. पण "हिरवं पाणी परत निळं होतं" यावर त्याचा विश्वास नव्हता. मी म्हटलं, "मामा, आठवडाभर दे. नाही झालं तर पाच टँकर आहेतच."

आता इथे निर्णय आकड्यांवर घ्यायचा होता. पाणी अजिबात न बदलता करायचं तर ३६ पीपीएम हवा. म्हणजे एका वेळी १,८०० ग्रॅम क्लोरीन, १८ लिटर हायपो, आणि तेही मागणी धरण्याआधी. महागही आणि धोक्याचंही. सायन्युरिक ॲसिड कमी करायचा घरगुती खात्रीचा उपाय एकच, पाणी बदलणं. निम्मं पाणी बदललं की आकडा निम्मा, ४५. मग लागणारी पातळी १८ पीपीएम, म्हणजे ९ लिटर हायपो. म्हणून निम्मंच पाणी काढलं. त्यात क्लोरीन शून्य होता, त्यामुळे ते नारळाच्या आळ्यांत आणि झाडांना देता आलं. पाचाऐवजी अडीच टँकर. हॉस्टेलमध्ये कोणी म्हणेल, अडीच तरी का? खरं आहे. वर्षभर गोळ्यांबरोबर आकडाही पाहिला असता तर एकही लागला नसता.

सिव्हिलवाल्यांसाठी एक सूचना. पूल पूर्ण रिकामा करणं हे दिसतं तेवढं निरुपद्रवी नाही. पावसाळ्यात भूजल वर आलेलं असताना ५० घनमीटरचा रिकामा हौद म्हणजे जमिनीत रुतलेली होडी. आर्किमिडीजच्या हिशोबाने खालून ५० टनांपर्यंत उचल बसू शकते. हौद वर उचलला गेल्याची, तडे गेल्याची उदाहरणं आहेत.

सात दिवस

पहिला दिवस. नवं पाणी भरून झालं. जाळीने पानं काढली, भिंती आणि तळ ब्रशने घासले. मग सौम्य आम्लाने पीएच ७.२ वर आणला. हे आधीच करायचं, कारण क्लोरीन खूप चढला की पीएचची रंगटेस्ट भरवशाची राहत नाही. पंप चालू ठेवून, ऊन उतरल्यावर ९ लिटर हायपो आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी हळूहळू सोडलं. दोन तासांनी मोजलं: १८ च्या जागी ६. म्हणजे १२ पीपीएम, तब्बल ६०० ग्रॅम क्लोरीन दोन तासांत फस्त! बहुतेक जण इथे चुकतात. एकदा भरपूर टाकतात, सकाळी पाणी हिरवंच दिसतं आणि "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. खरं तर लढाई अर्ध्यावर असते. उरलेलं शेवाळ पुन्हा दुपटीने वाढतं आणि टाकलेलं सगळं वाया जातं. मी परत ६ लिटर टाकून पातळी १८ वर नेली.

दुसरा दिवस. सकाळी ५. पुन्हा भर. दिवसभरात तीन वेळा मोजून तीन वेळा भरलं. संध्याकाळी हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी, दुधाळ झालं. मामाला वाटलं बिघडलं. पण ही चांगली खूण. हरितद्रव्य गेलं, मेलेलं शेवाळ तरंगतंय.

तिसरा आणि चौथा दिवस. आता काम फिल्टरचं. वाळूच्या फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश. पहिल्या दिवशी दोनदा करावा लागला. पंप रात्रंदिवस चालू. रोज ब्रश. मागणी हळूहळू उतरायला लागली. रात्रीतून होणारी घट तिसऱ्या रात्री ६, चौथ्या रात्री ४.

पाचवा दिवस. तळ धूसर दिसायला लागला. रात्रीची घट ३.

सहावा दिवस. पाणी जवळजवळ स्वच्छ, पण रात्रीची घट २ वरून हलेना. म्हणजे कुठेतरी कोणीतरी क्लोरीन खातंय. शोधलं तेव्हा शिडीच्या पोकळ पायात आणि दिव्याच्या चौकटीमागे हिरवा लगदा सापडला. वीज बंद करून, दिवा सोडवून दोन्ही जागा घासल्या. डोळ्यांना जे दिसलं नाही ते आकड्याने दाखवलं, हे मला फार आवडलं.

सातवा दिवस. रात्रीची घट अर्धा पीपीएम. संयुक्त क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइनवाला, अर्ध्याच्या आत. आणि खोल टोकाला टाकलेलं एक रुपयाचं नाणं काठावरून स्पष्ट दिसत होतं. तिन्ही अटी पूर्ण झाल्या, तेव्हा थांबलो. एकूण हायपो गेलं ५६ लिटर.

थांबायचं कधी?

या लेखातली सगळ्यांत कामाची युक्ती ही. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा. सूर्य उगवण्याआधी पुन्हा मोजा. मध्ये काहीही टाकू नका. रात्री ऊन नसतं, कोणी पोहत नसतं. मग रात्रीत क्लोरीन घटला तर तो खाणारा पाण्यातच आहे. घट १ पीपीएमच्या आत असेल तर मागणी संपली. रंग फसवतो, वास फसवतो, रात्रीची घट फसवत नाही. प्रयोगशाळेत आपण ज्याला कंट्रोल म्हणतो तोच हा: एक एक कारण बाजूला काढायचं आणि उरलेलं पाहायचं.

मोजताना दोन सावधगिऱ्या. एक, ओटी टेस्ट, जिच्यात पाणी पिवळं होतं, ती एकूण क्लोरीन दाखवते, मोकळा वेगळा दाखवत नाही. मोकळ्यासाठी डीपीडीची गुलाबी टेस्ट हवी. दोन, क्लोरीन फार जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंगच ब्लीच होऊन उडतो आणि नळी स्वच्छ दिसते. "क्लोरीन शून्य" म्हणून माणूस आणखी ओततो! म्हणून सॅम्पलमध्ये चौपट क्लोरीनविरहित पाणी घालून मोजायचं आणि उत्तराला ५ ने गुणायचं.

आणि आपल्याकडे तर याहून अचूक साधन आहे. फर्स्ट इयरच्या जर्नलमधला 'ब्लीचिंग पावडरमधील उपलब्ध क्लोरीन' हा प्रयोग आठवा. पोटॅशियम आयोडाइड, ॲसेटिक ॲसिड, थायोसल्फेट, स्टार्च, निळा रंग गेला की थांबा. १०० मिलिलिटर सॅम्पलला ०.०१ नॉर्मल थायोसल्फेट वापरलं तर बुरेटमधला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे सुमारे ३.५ पीपीएम एकूण क्लोरीन. १८ पीपीएमला रीडिंग येईल ५ च्या थोडं पुढे. शेजारच्याच्या जर्नलवरून उतरवलेलं ते रीडिंग नक्की कशासाठी होतं, ते आता कळलं असेल.

हे मात्र करू नका

आमच्या पुलाकडे पाहणारे माळीकाका अनुभवी. पण दुसऱ्या दिवशी ते एकाच बादलीत हायपो आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड घ्यायला निघाले. "दादा, दोन्ही एकदमच टाकू, खेप वाचेल." मी बादली बाजूला घेतली. हायपोक्लोराइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आले की थेट क्लोरीन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्र इथे जर्मन सैन्याने मोठ्या प्रमाणावर सोडला होता तोच. हवेपेक्षा जड, त्यामुळे खालीच बसतो. बंद पंपरूममध्ये दोन श्वासही फार होतात. काकांनी त्यानंतर दोन्हींसाठी वेगळ्या बादल्या केल्या, एकीवर लाल रंगाने फुली मारली आणि पंपरूमचं दार कायम उघडं ठेवायला सुरुवात केली. हॉस्टेलच्या संडास-बाथरूममध्ये ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकामागोमाग वापरणाऱ्या मावशींनाही हे सांगायला हवं. आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार?

टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र मिसळू नका, एकाच मापाने घेऊ नका, ओल्या डब्यात ठेवू नका. दोन्ही क्लोरीनचीच, पण कोरडी एकत्र आली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. रसायन नेहमी पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही. ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच वापरायची. हातमोजे आणि चष्मा हवाच.

मोरचुदाचा मोह टाळा. तांब्याने शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यात साचत जातं, भिंतीवर डाग पडतात आणि सोनेरी केसांना हिरवी छटा येते. पोहणाऱ्यांचे केस हिरवे होतात ते क्लोरीनमुळे नव्हे, तांब्यामुळे. तुरटी मात्र शेवटी कामाला येते. मेलेलं शेवाळ ती एकत्र बांधून तळाशी बसवते आणि मग ते व्हॅक्युमने थेट बाहेर सोडता येतं. पण तुरटीने शेवाळ मरत नाही. ती सफाई कामगार आहे, शिपाई नव्हे.

आणि शेवटचं. तळाची जाळी काठावरून दिसत नसेल तर त्या पाण्यात कोणीही उतरायचं नाही. हिरव्या पाण्यात बुडालेलं मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. शेवाळापेक्षा हा धोका मोठा आहे. पाणी स्वच्छ झाल्यावरही क्लोरीन नेहमीच्या पातळीवर उतरेपर्यंत थांबायचं.

आपल्या टाकीचं काय?

पूल आहे फार्महाऊसवाल्यांकडे. आपल्याकडे आहे गच्चीवरची टाकी. तत्त्व तेच, आकडे वेगळे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिल्लक क्लोरीन किमान ०.२ पीपीएम सांगितला आहे. १०,००० लिटरच्या टाकीत १ पीपीएम म्हणजे फक्त १० ग्रॅम क्लोरीन, चांगली ब्लीचिंग पावडर ३३ ग्रॅमच्या आसपास. मूठभर नव्हे, मोजून. टीसीसीए पुलासाठी आहे, पिण्याच्या टाकीत ती घालायची नाही. आणि टाकीत शेवाळ धरलंच असेल तर उपाय पुलापेक्षा स्वस्त आहे: टाकी रिकामी करून घासा आणि झाकण बसवा. अंधारात शेवाळ वाढत नाही. फुटक्या झाकणाची दुरुस्ती हे जगातलं सगळ्यांत स्वस्त शेवाळनाशक आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर केरळकडे पाहा. २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. तो दुर्मीळ आणि बहुतेक वेळा जीवघेणा आजार आहे. त्यानंतर विहिरी, टाक्या आणि पुलांच्या क्लोरीनेशनवर तिथे पुन्हा भर देण्यात आला. कोमट, साचलेल्या, शिल्लक क्लोरीन नसलेल्या पाण्याची किंमत कधी कधी टँकरमध्ये मोजता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "टाका अजून दोन मुठी" म्हणालं की त्याला तीनच प्रश्न विचारा. पाणी किती लिटर? आत्ता शिल्लक किती? रात्रीतून घटला किती? तिन्हींची उत्तरं मिळाली की पावडर किती टाकायची हे आपोआप कळतं. टाकीची लांबी-रुंदी मोजायला टेप सिव्हिलच्या सर्व्हे लॅबमध्ये आहे, बुरेट केमिस्ट्री लॅबमध्ये आहे आणि गच्चीची किल्ली रेक्टर सरांकडे. या रविवारी कोण येतंय?